आधी चाखा, मग मीठ घाला

भाजी जरा अळणी लागली की आपला हात लगेच मिठाकडे जातो. पण कोकणात खाडीकाठी एक पालेभाजी अशी आहे, की ती करताना वरून मीठ घालायचेच नसते. तिचे नाव मोरस. भरतीचे पाणी येते त्या खाऱ्या चिखलात ती वाढते. तिची पाने बारीक, जाड आणि रसाळ असतात. जमिनीतला क्षार ती पानांत साठवते, म्हणून चवीला खारट लागते.

तिकडच्या गृहिणी कोवळा पाला उकळून पाणी टाकून देतात, पाला पिळून घेतात आणि मग डाळीत किंवा सुकटीत शिजवतात. यामुळे बराच खारटपणा निघून जातो. खरे शहाणपण या रीतीत आहे.

हल्ली 'नैसर्गिक मीठ' म्हटले की लोकांना ते निर्धोक वाटते. हा समज चुकीचा आहे. मीठ पुडीतले असो वा पानातले, त्यातील सोडियम रक्तदाब वाढवतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचाभर मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे. शिवाय कारखान्यांचे वा गटारांचे पाणी मिसळणाऱ्या खाडीतली मोरस खाऊ नये.

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण खारवट जमिनी आहेत. प्रवरा-मुळेच्या कालव्यांखाली पाण्याच्या अतिवापराने काही शेते चोपण झाली. क्षार सोसणारी एक रानभाजी आपल्याकडेही आहे, ती म्हणजे घोळ. खुरपणीत आपण ती उपटून बांधावर फेकतो. वास्तविक तिच्यात हृदयाला उपयुक्त असे ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल असते. तिची चव मुळातच आंबटसर असल्याने डाळ घालून केलेल्या भाजीला मीठ कमी पुरते. मात्र तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती खावी. तणनाशक फवारलेल्या शेतातली तर कोणीच घेऊ नये.

मोरस आपल्या बाजारात मिळणार नाही. पण तिच्यापासून एक सवय जरूर घेता येईल. भाजी शिजल्यावर आधी चाखावी, मगच मीठ घालावे, आणि जेवताना ताटात वरून मीठ घेणे आजपासून बंद करावे. यासाठी पैसाही लागत नाही!