अ‍ॅम्बॅसॅडरचे मॅनिफोल्ड आणि त्याचे पॅकिंग

जुन्या व्यापारी घरांत विकायची नाही असे ठरवून ठेवलेली एखादी वस्तू असतेच. कुठे ती पितळी तराजूच्या रूपात असते, कुठे आजोबांच्या तिजोरीच्या, तर सांगलीच्या वखारभागातील आणि सातारच्या पेठांतील काही वाड्यांत ती अ‍ॅम्बॅसॅडर मोटारीच्या रूपात उभी असते. आजोबांनी हळदीच्या नाहीतर गुळाच्या एखाद्या चांगल्या हंगामात घेतलेली ही गाडी आता नातवाच्या ताब्यात येते, आणि नातवाला ती केवळ पुसून ठेवायची नसते, चालवायची असते. तिला थोडी अधिक ओढ असावी असेही त्याला वाटते. येथूनच बदलांना आरंभ होतो, आणि बदल केलेल्या इंजिनाचे पहिले दुखणे बहुधा मॅनिफोल्डच्या सांध्याशी निघते. आजच्या लेखात त्या सांध्याचा विचार करू.

अ‍ॅम्बॅसॅडर 1957 पासून 2014 पर्यंत तयार होत राहिली. तिचे सर्वांत परिचित पेट्रोल इंजिन 1489 घनसेंटीमीटरचे. ते मूळचे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-मालिकेतले, आणि त्याच मापाचे इंजिन 1955 साली निघालेल्या एमजीए या खेळकर मोटारीतही होते. हे नाते ठाऊक असलेल्या तरुणास एका कार्ब्युरेटरच्या जागी एमजीप्रमाणे दोन एसयू कार्ब्युरेटर बसवण्याचा मोह होतो. मोह अस्थानी नाही. भाग मुळात एकाच कुळातले आहेत. परंतु ते जेथे एकमेकांस भेटतात तेथे मिलिमीटरभर जाडीचे एक पॅकिंग असते, आणि सगळा व्यवहार त्याच्या भरवशावर चालतो.

या इंजिनाची रचना थोडी निराळी आहे. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे अशी दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूस येतात. सिलिंडर चार, पण आत जाण्याच्या वाटा दोनच: एक वाट पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरची, दुसरी तिसऱ्या व चौथ्याची. धूर जाण्याच्या वाटा तीन; मधल्या दोन सिलिंडरांची एकत्र आणि टोकांच्या दोघांची स्वतंत्र. अशा पाच तोंडांची रांग एकाच लांब पॅकिंगने झाकली जाते. म्हणून आत जाण्याच्या एका तोंडाशी पॅकिंग फुटले की एका नव्हे, दोन सिलिंडरांस जादा हवा मिळते.

ही जादा हवा कार्ब्युरेटरच्या हिशेबात नसते. ती मागच्या दाराने आलेली असते. पेट्रोल तेवढेच आणि हवा अधिक, असे मिश्रण पातळ होते, त्यामुळे उष्णता वाढते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते आणि फार दिवस दुर्लक्ष झाल्यास पिस्टनलाही इजा होते. पॅकिंगची किंमत किरकोळ असते. हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट नव्याने बसवण्याचा खर्च कोणत्याही दुकानदारास नीट समजेल असा असतो. सातारच्याच कारखान्यात बनणाऱ्या प्रिया स्कूटरवर ज्यांचे तारुण्य गेले त्यांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. कार्ब्युरेटरखालच्या सांध्यातून हवा शिरली की उष्णता वाढते आणि वंगण मात्र कमी पडते, आणि पिस्टन भर रस्त्यात जाम होतो. अ‍ॅम्बॅसॅडर अधिक सोशिक आहे. हा तिचा गुण खरा, पण त्याच गुणामुळे दुखणे उशिरा कळते.

लक्षणे ओळखताना एक फसगत संभवते. गळती घाटात कळेल असे आपण समजतो, परंतु यवतेश्वरच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना मॅनिफोल्डमधील निर्वात कमी होतो आणि फटीतून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. गाडी तेथे ठीक चालते. गळती दिसते ती पोवई नाक्यावर सिग्नलला थांबल्यावर: इंजिन एका लयीत चालत नाही, आयडलिंग वाढते किंवा डळमळते, स्क्रू फिरवून जमले असे वाटते न वाटते तोच पुन्हा बिघडते. उतारावर पाय काढल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल तर एक्झॉस्टच्या बाजूचा सांधाही तपासावा.

निर्वातमापक लावून पाहणे ही उत्तम रीत होय. मात्र पुस्तकांत दिलेला 17 ते 21 इंच पाऱ्याचा आकडा समुद्रसपाटीचा असतो. दर हजार फुटांस सुमारे एक इंच कमी होतो, म्हणून सांगलीस पावणेदोन इंच आणि सातारला जवळजवळ अडीच इंच वजा धरावेत. नाहीतर निरोगी इंजिनावर उगाच संशय येतो. गळतीची नेमकी जागा शोधण्यास काही मिस्त्री सांध्यावर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर धुण्याचा फवारा मारतात. या इंजिनात खालीच तापलेले एक्झॉस्ट असते, तेव्हा ती रीत सरळ आगीला आमंत्रण आहे. साध्या पाण्याचा बारीक फवारा आत जाणाऱ्या तोंडांभोवती मारावा. आयडलिंग बदलले की जागा सापडली.

आता निवडीकडे वळू. साधे कागदी पॅकिंग या जागी टिकत नाही, कारण शेजारचे एक्झॉस्ट त्यास भाजून काढते. उष्णता सोसणाऱ्या तंतूंचे आणि पत्र्याचे अस्तर असलेले, किंवा ग्राफाइटचे पॅकिंग घ्यावे. पत्रा एकाच बाजूस असेल आणि निर्मात्याची निराळी सूचना नसेल, तर तो मॅनिफोल्डकडे ठेवावा. गरम झाल्यावर मॅनिफोल्डला थोडे सरकावे लागते आणि पत्र्यावरून ते सुखाने सरकते. त्यानंतर छिद्रांचे माप पाहावे. हेडची तोंडे घासून मोठी केली असतील तर मूळ मापाच्या पॅकिंगची कड वाटेत डोकावते आणि हवेचा प्रवाह तेथे अडखळतो. उलट छिद्र फार मोठे असेल तर दाबायला पुरेशी बैठकच उरत नाही. पॅकिंग आधी हेडवर आणि मग मॅनिफोल्डवर धरून पेन्सिलीने रेषा ओढून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. घरीच पॅकिंग कापायचे झाल्यास कागद भागावर ठेवून कडेकडेने हातोडी ठोकण्याची जुनी रीत ओतीव लोखंडावर चालून जाई. अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डची कड तिने चेपते.

सर्वांत अधिक चुका होतात त्या मात्र पॅकिंगमुळे नव्हे, मॅनिफोल्डच्या कानांच्या जाडीमुळे. काही स्टडवर एकच जाड वायसर दोन्ही मॅनिफोल्डांना मिळून दाबतो: अर्धा या कानावर, अर्धा त्या कानावर. एक्झॉस्ट जुने लोखंडी आणि इनटेक दुसऱ्या गाडीवरून आणलेले किंवा नव्याने ओतलेले असेल आणि दोहोंच्या कानांची जाडी सारखी नसेल, तर वायसर जाड कानावर टेकतो आणि पातळ कान मोकळा राहतो. नट कितीही आवळा, तो सांधा गळणारच. सहा वेळा पॅकिंग बदलून कंटाळलेल्या कित्येक गाड्यांचा रोग हाच असतो. दोन्ही मॅनिफोल्ड हेडवर लावून कानांवर सरळ पट्टी ठेवावी आणि फिलर गेजने फरक मोजावा. फरक आढळल्यास जाड कान यंत्रावर उतरवून घ्यावा, किंवा वायसरला पायरी कापून घ्यावी. ज्या मुलखात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि सातारला कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने घडली, तेथे हे काम करणारा कारागीर शोधण्यास दूर जावे लागू नये. कोल्हापूरचे उद्यमनगर तर हाकेवर आहे.

अ‍ॅल्युमिनियमचे इनटेक असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. दोनशे मिलिमीटर लांबीवर साठ अंशांच्या वाढीत हा फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा होतो. म्हणून स्टडची छिद्रे किंचित सैल असावीत आणि नट सुमारे 15 फूट-पौंडांहून अधिक आवळू नयेत. मधून आरंभ करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत.

जुने पॅकिंग काढताना घाई करू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा आहे. ते कोरडे खरवडू नये, ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तर मुळीच लावू नये. पाण्याने भिजवून हळूच सोडवावे आणि पिशवीत बांधून टाकावे. 2019 च्या महापुरात बुडालेल्या गाडीचे स्टड फिरवण्यापूर्वी त्यांस दोन दिवस तेल पाजावे. मोडलेला स्टड हेडमधून काढणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. बसवताना सिलिकॉनचा लेप लावू नये. पेट्रोलने तो फुगतो, तुकडे सुटतात आणि व्हॉल्व्हकडे जातात. जुने मिस्त्री शेलॅक लावीत. शेलॅक म्हणजे लाख. लाक्षावाणिज्य श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत मोजले आहे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. सुदैवाने येथे त्याचीही गरज नाही. पृष्ठभाग सपाट असेल तर पॅकिंग कोरडेच बसते.

राहिला कायद्याचा भाग, आणि तो व्यापाऱ्याने आधी पाहावा. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरले. शिवाय जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांस व्हिंटेज नोंदणीची सोय केली: शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नूतनीकरणास 5,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासही काढता येत नाही. 1970 च्या सुमारास घेतलेली आजोबांची अ‍ॅम्बॅसॅडर या सवलतीस वयाने पात्र ठरते. दोन कार्ब्युरेटर हा मोठा फेरफार ठरेल की नाही, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर सोडण्यापेक्षा पूर्ववत करण्याची सोय आपल्या हाती ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. हेडची तोंडे कापू नयेत, आणि मूळ मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर व त्यांचे वायसर तेल लावून, चिठ्ठी बांधून, लाकडी पेटीत ठेवावेत.

नवे पॅकिंग बसवून पाचशे किलोमीटर झाले की, इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत.