बैल, बॅटरी आणि आपण

‘लॅपटॉपच्या बॅटरीवर कला शाखेच्या विद्यार्थ्याने काय लिहायचे?’ असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर एवढेच की, माझ्या लॅपटॉपमधली बॅटरी आईच्या मजुरीची आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. गेल्या वर्षी दादांनी सोयाबीनच्या पैशांतून मला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. तो कसा सांभाळावा हे सांगणारे घरात कोणी नव्हते आणि वर्गात विचारायची लाज वाटे. एका मित्राने सांगितले, “बॅटरी पार उतरू द्यायची, मगच चार्जिंगला लावायची.” मी ते व्रतासारखे पाळले. शिवाय थंडीत लॅपटॉप गोधडीवर ठेवून रात्र रात्र वाचत बसे. तीन तास चालणारी बॅटरी वर्षभरात चाळीस मिनिटांवर आली. प्रकल्प द्यायच्या आदल्या रात्री वीज गेली, पाठोपाठ लॅपटॉप बंद पडला आणि जतन न केलेली पाने गेली. नवी बॅटरी अडीच हजारांची! आईने खुरपणीचे साठवलेले पैसे काढून दिले. तिची ती दहा दिवसांची मजुरी होती.

मग मात्र मी माहिती काढली. मित्राचा सल्ला खोटा नव्हता, जुना होता. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अधूनमधून पूर्ण उतरवणे उपयोगाचे असे. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. आजच्या लॅपटॉपमध्ये तीच असते. बॅटरी बदलली, सल्ला मात्र तसाच तोंडोतोंडी चालत राहिला. या बॅटरीला वारंवार शून्यावर नेणे मानवत नाही, सदोदित शंभरावर ठेवणेही नाही आणि उष्णता तर मुळीच नाही. शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवावा, म्हणजे खालून हवा खेळते. सुट्टीत महिनाभर वापरायचा नसेल, तर अर्धी बॅटरी भरून, बंद करून ठेवावा. बॅटरी फुगली तर ती दाबू अथवा टोचू नये. वापर थांबवून जाणकाराकडे न्यावी.

हे सारे दादांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, “बैलाला उपाशी जुंपू नये, तडस लागेस्तोवर चारू नये आन् उन्हात बांधू नये. एवढं शिकायला कालेजात गेलास व्हय?”

दादांच्या नियमामागे कारण होते. माझ्याकडे नुसता नियम होता. परीक्षेसाठी आपण नोट्सही अशाच पाठ करत नाही का? ‘असे का?’ हा प्रश्न विचारायला मात्र कचरतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तर आपले अज्ञान उघडे पडेल ही धास्ती अधिकच असते.

म्हणून माझी सूचना अशी. प्रथम वर्षाच्या स्वागत समारंभात हारतुरे होतात, भाषणे होतात. त्यातला एक तास या साध्या गोष्टींसाठी ठेवावा. प्राध्यापकांनी तो घ्यावाच असे नाही. आम्ही द्वितीय वर्षाचे विद्यार्थी घेऊ. मित्रहो, विचारायची लाज मला अडीच हजारांना पडली. पुढच्या वर्षी येणाऱ्यांपैकी एखाद्याच्या आईची दहा दिवसांची मजुरी जरी वाचली, तरी तो तास सार्थकी लागला असे मी समजेन.

(द्वितीय वर्ष, कला)