रडविणारी कादंबरी आणि कापसाचा वाचक

पुस्तक वाचताना डोळे भरून आले, ही आपल्याकडे लेखकाला मिळणारी सर्वांत मोठी पावती समजली जाते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला ती उदंड मिळाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. तिची भूमी बुलढाण्याची. पण तीच पराटी, तोच लहरी पाऊस आणि तीच वऱ्हाडी बोली असल्यामुळे यवतमाळच्या वाचकाला ती परकी वाटत नाही. आणि नेमका येथेच प्रश्न उद्भवतो.

करुण रसाचा आनंद कसा होतो, याची चिकित्सा आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी केली आहे. भट्टनायकांनी मांडलेला आणि अभिनवगुप्तांनी पुढे नेलेला साधारणीकरणाचा विचार सांगतो की, काव्यातील दुःख कोणा एका व्यक्तीचे उरत नाही, म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या बाबतीत हे तंतोतंत खरे आहे. तो हेलावतो, पुस्तक मिटतो आणि काहीसा हलका होऊन झोपी जातो. परंतु ज्याच्या घरी दुबार पेरणीची चिंता आणि कृषी केंद्राची उधारी खरोखरच आहे, त्याचे दुःख त्याच्यापासून सुटावे कसे?

असा वाचक रडण्यापूर्वी पारखतो. पेरणीचे नक्षत्र बरोबर आहे का, बाप मुलाशी असाच बोलेल का, हे तो पाहतो. ‘बारोमास’ या पारखीला उतरते, याचे कारण तिच्यातील मरण नव्हे, तर जगणे. उच्चशिक्षित असूनही नोकरीवाचून शेतीत अडकलेला एकनाथ आणि शहरी वळणाची त्याची पत्नी अलका यांच्या संसाराला गेलेला तडा हा कोणत्याही सरकारी तक्त्यात मावणारा नाही. नावच पाहा : हे दुःख एका दिवसाचे नाही, बारा महिन्यांचे आहे.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपविली. त्यानंतर समित्या आल्या, अहवाल झाले, २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेजही आले. या साऱ्यांत मृत्यूची नोंद झाली. त्याआधीच्या वर्षांची नोंद ठेवण्याचे काम साहित्याचे होते. दुर्दैवाने, शेतकऱ्यावर लिहायचे म्हणजे शेवटच्या प्रकरणात आत्महत्या ठेवायचीच, असा एक ठराविक साचा पुढे रूढ झाला. वाचक रडतो हे खरे. पण ते अश्रू अगोदरच ठरलेले असतात. असे लेखन शेतकऱ्याला मरणापुरतेच ओळखते आणि हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या संमेलनानंतर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी हा मान मिळाला. उद्घाटकाच्या निमंत्रणावरून आधी बराच वाद झाला. तो येथे बाजूस ठेवू. अखेरीस जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने उद्घाटन केले. हे योग्यच झाले. तथापि, तिच्या दुःखाला व्यासपीठ देणे वेगळे आणि तिच्यासारखीने एखादी कादंबरी वाचून “हे असे नसते” म्हटले, तर ते समीक्षा म्हणून ऐकणे वेगळे. पहिले आपण केले. दुसरे अद्याप व्हायचे आहे.

जिल्ह्यातील ग्रंथालयांनी ते मनावर घ्यावे. ग्रामीण कादंबरीवरील चर्चासत्रात प्राध्यापकांच्या शेजारी कापूस पिकविणाऱ्या वाचकाची खुर्ची असावी. फक्त ते चर्चासत्र वेचणीच्या दिवसांत ठेवू नये, अन्यथा खुर्ची रिकामीच राहील.