डायपर बदलायचा कुठे, टाकायचा कुठे? घरगुती पाळणाघरांकडे बघायला कुणालाच वेळ नाही

बेळगाव : पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे दोन विषय हमखास चर्चेत येतात. तुंबलेल्या गटारी हा एक आणि जुलाब-उलट्यांची साथ हा दुसरा. पाण्याच्या पाइपलाइनमध्ये ड्रेनेज मिसळलं का, टाक्या धुतल्या का, यावर महापालिकेत आवाज चढतात आणि ते बरोबरही आहे. पण लहान मुलांच्या जुलाबाची एक वाट नळातून येत नाही. ती येते सांभाळणाऱ्या बाईच्या हातावरून, मुलाला झोपवलेल्या सतरंजीवरून आणि दाराआड ठेवलेल्या डायपरच्या पिशवीतून. त्या वाटेवर मात्र कुणी बोलत नाही.

शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडी अशा कुठल्याही भागात चौकशी करा. गल्लीत एखादी तरी काकू, मावशी किंवा आजी सापडते, जी शेजारपाजारची चार-पाच मुलं दिवसभर सांभाळते. दारावर पाटी नसते, पावतीपुस्तक नसतं. आई सकाळी शोरूमला, दवाखान्यात, बँकेत किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाते. जाताना पिशवीत दुधाची बाटली, दोन कपडे आणि तीन-चार डायपर देते. संध्याकाळी मूल घेऊन जाते. सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. या बायका नसत्या तर आपल्या शहरातल्या किती घरांचा दुसरा पगार बंद पडला असता, याचा विचार करून बघा.

कायदा आहे, पण तो दाराबाहेर थांबतो

पाळणाघराचा कायदा आपल्या देशात नवा नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात 30 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं पाळणाघर बंधनकारक होतं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क दिला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा 50 चा आकडा आहे. 2018 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

आता हा आकडा आपल्या भागाला लावून बघू. उद्यमबागेत, मच्छेत दहा-वीस माणसांची मशीन शॉप किती आहेत, ते आपल्याला माहीत आहे. शहापूर-वडगावात यंत्रमाग घरालाच लागून चालतात. कपड्याच्या दुकानात सात-आठ मुली कामाला असतात. यातला एकही मालक 50 च्या रेषेजवळ जात नाही. निपाणीची गोष्ट तर याहून बोलकी. बिडी कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण बिडी वळण्याचं काम कारखान्यातून उठून घराच्या उंबऱ्यात आलं आणि तरतूद कारखान्याच्या भिंतीतच राहिली.

सरकारी योजना दोन आहेत. केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची सोय करायची आहे. कर्नाटक सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात ‘कूसिन मने’ जाहीर केली. त्यात सुमारे 4000 ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी शिशुगृहं उघडायची आहेत. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण शहरात स्वतःच्या दोन खोल्यांत पाच मुलं सांभाळणारी मावशी यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिला प्रशिक्षण नाही, तपासणी नाही आणि मदतही नाही.

‘लहान बाळाच्या शीची कसली घाण?’

आपल्या घरांत हे वाक्य प्रेमाने बोललं जातं. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाच्या शीला फारसा वास नसतो, म्हणून ती निरुपद्रवी असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. डॉक्टर मात्र उलट सांगतात. लहान मुलांच्या विष्ठेत रोगजंतू मोठ्यांइतकेच, काही वेळा जास्तच असतात. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, शिगेला हे सगळे याच वाटेने पसरतात. हिपॅटायटिस ए म्हणजे साध्या भाषेत एक प्रकारची कावीळ. ती सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांत लक्षणंच दाखवत नाही. मूल खेळतं, हसतं आणि त्याच्या डायपरमधून आजार सांभाळणाऱ्या बाईला किंवा घरातल्या मोठ्यांना मिळतो.

रोटाव्हायरसची लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती मोफत मिळते. तिचा मोठा उपयोग झाला आहे. पण ती एकाच विषाणूवर आहे. बाकीच्यांवर साबण आणि पाणी हाच उपाय. शाळा आणि डे-केअरमधल्या अभ्यासांच्या कॉक्रेन आढाव्यानुसार हात धुण्याची सवय लावल्याने जुलाबाचे प्रसंग सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतात. हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, पण जंतूंना देश कळत नाही.

नेमकं चुकतं कुठे?

डायपर बदलणं प्रत्येक आईला येतं, त्यात शिकायचं काय, असं वाटेल. घरात एकच मूल असतं तेव्हा ते ठीक आहे. पाच घरांची पाच मुलं एका सतरंजीवर आली की एका घरातला जंतू पाच घरांत जातो. म्हणून पाळणाघरात क्रम महत्त्वाचा.

पहिली गोष्ट जागेची. स्वयंपाकाचा ओटा, जेवायची जागा आणि मुलांची खेळणी यांपासून दूर, शक्यतो मोरीजवळ, एक ठरावीक कोपरा हवा. पलंगापेक्षा जमिनीवर मेणकापड घालून बदलणं बरं, कारण मूल कधी उलटं होईल सांगता येत नाही. उंचावर ठेवलंच तर एक हात कायम मुलावर हवा. नवा डायपर, ओलं कापड, पिशवी, मलम हे सगळं मूल झोपवण्याआधी हाताशी ठेवायचं. मध्येच उठून कपाट उघडलं की कपाटाच्या मुठीलाही तोच हात लागतो.

दुसरी गोष्ट पुसण्याची. पुढून मागे पुसायचं, मुलींच्या बाबतीत तर कटाक्षाने, नाहीतर लघवीच्या जागी संसर्ग होतो. घाण डायपर आतल्या बाजूला गुंडाळून लगेच पिशवीत टाकायचा. नवा डायपर घालण्याआधी स्वतःचे हात पुसून घ्यायचे. पावडर उडवायची नाही, ती मुलाच्या श्वासात जाते. पुरळ असेल तर कातडी कोरडी ठेवणं आणि डायपर वेळच्या वेळी बदलणं हेच पहिलं औषध. मलमाची डबी प्रत्येक मुलाची वेगळी. एकाला लावलेलं बोट परत डबीत घालून दुसऱ्याला लावलं, तर डबीसुद्धा आजार वाटते.

तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते : मुलाचे हात. बदलताना मूल हात खाली नेतंच आणि तोच हात दोन मिनिटांनी तोंडात जातो. म्हणून आधी मुलाचे हात साबणाने धुवायचे, मग मेणकापड पुसायचं आणि शेवटी स्वतःचे हात वीस सेकंद धुवायचे. सॅनिटायझरवर भागवता येत नाही. मळलेल्या हातावर तो नीट काम करत नाही आणि नोरोव्हायरससारख्या विषाणूवर त्याचा जोर कमी पडतो.

मेणकापड आधी साबणपाण्याने पुसायचं, मग जंतुनाशकाने. सोडियम हायपोक्लोराइटच्या बाटलीवर 5 टक्के लिहिलेलं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिली पुरे. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. हे पाणी रोज नवं करायचं, कालचं वापरायचं नाही. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. बाटली आणि पाण्याची बादली दोन्ही मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवायच्या. भरलेल्या बादलीत लहान मूल बुडू शकतं.

अजूनही पुष्कळ घरांतून लंगोट आणि दुपटीच येतात. तो मार्ग वाईट नाही, खर्चही वाचतो. फक्त पाळणाघरात ती धूत बसू नये. घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून संध्याकाळी आईकडे द्यावीत. घरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. दमट लंगोट परत मुलाला बांधू नये.

थोडा हिशेब

आता कॉमर्सवाल्याच्या सवयीने आकडे मांडतो. पाच मुलं आणि प्रत्येकी दिवसाला चार वेळा बदल धरले तर रोजचे 20 बदल होतात. महिन्याचे 25 दिवस धरले तर 500 बदल. साबण 250 रुपये, पिशव्या 250, हायपोक्लोराइट 60, पुसायची कापडं आणि किरकोळ 140, असं धरलं तर महिन्याला 700 रुपये होतात. म्हणजे एका बदलाला 1 रुपया 40 पैसे आणि एका मुलामागे महिन्याला 140 रुपये. डायपर आईच पाठवते. एवढा खर्च पालकांना जड नाही.

खरा खर्च वेळेचा आहे. एक बदल नीट करायला, हात धुण्यासकट, पाच मिनिटं लागतात. वीस बदलांची 100 मिनिटं. आठ तासांच्या दिवसातला एक पंचमांश वेळ फक्त यात जातो. त्या पाच मिनिटांत उरलेल्या चार मुलांकडे कोण बघतं? घाई होते ती इथं. हात धुणं राहून जातं तेही इथंच. बाई आळशी असते म्हणून असं होत नाही. एका बाईमागे मुलं जास्त असली की असंच होणार. फी कमी ठेवायची तर मुलं जास्त घ्यावी लागतात आणि मुलं जास्त घेतली की स्वच्छतेचा वेळ जातो. पालकांनी फीमध्ये घासाघीस करताना हे गणित डोळ्यासमोर ठेवावं.

पाण्याचंही तसंच. एका बदलाला दोन लिटर धरलं तर दिवसाला 40 लिटर, म्हणजे साधारण तीन घागरी. बेळगावात 2008 पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, पण बाकीच्या भागांत ते दिवसांआड येतं. जिथं पिंपात साठवलेलं पाणी जपून वापरायचं असतं, तिथं आधी हात धुण्यालाच कात्री लागते. त्यामुळे पाळणाघरातली स्वच्छता हा पाणीपुरवठ्याचाही प्रश्न आहे.

आणि त्या 500 डायपरचं काय?

ओला डायपर 150 ते 200 ग्रॅमचा धरला तर एका छोट्या पाळणाघरातून महिन्याला 75 ते 100 किलो कचरा निघतो. 2016 च्या घनकचरा नियमांतच वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यायचे आणि कंपन्यांनी त्यासाठी पाकीट पुरवायचं, असं म्हटलं होतं. पाकीट किती जणांना मिळालं, ते वाचकांनीच आठवून बघावं. आता 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर तिसऱ्या भागात येतात. घराघरांत वेगळा करायचा आणि पालिकेने वेगळाच उचलायचा, असा तो नियम.

प्रश्न साधा आहे. घरात वेगळा केलेला डायपर गाडीत पुन्हा ओल्या कचऱ्यात पडणार असेल, तर मावशीने तो वेगळा का करायचा? गाडी एखाद्या दिवशी आली नाही तर पिशवी कुठं ठेवायची? मग ती नाल्यात जाते किंवा कोपऱ्यावर कुत्री फाडतात. शेवटी तुरमुरीच्या डेपोत हाताने कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाती तोच डायपर येतो. तिचंही मूल कुणीतरी सांभाळतच असणार.

करता येण्यासारखं

नव्या कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका प्रत्येक गल्ली ओळखतात. जुलाबाविरोधी मोहिमेत त्या दरवर्षी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घेऊन घरोघरी जातातच. त्याच फेरीत घरगुती पाळणाघरांची यादी करून तासाभराचं प्रात्यक्षिक दाखवता येईल. भिंतीला लावायचं एक पान द्यावं आणि ते मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असावं. सीमाभागात मराठी परिपत्रकांची मागणी जुनी आहे आणि तिच्यावर राजकारणही भरपूर झालंय. पण डायपर बदलून हात कसे धुवायचे, ही सूचना जिला वाचता येईल अशाच भाषेत तिच्यापर्यंत गेली पाहिजे. यावर तरी वाद नसावा.

एक मात्र सांभाळायला हवं. यादी म्हणजे नोटीस आणि दंड असं झालं, तर या बायका दार लावून घेतील आणि मुलं आणखी अंधाऱ्या खोलीत जातील. आधी साबण, पिशव्या आणि प्रशिक्षण द्यावं, तपासणी मागाहून.

पालकांनीही मूल सोडताना चार गोष्टी बघाव्यात : बदलायची जागा कुठं आहे, साबण हाताशी आहे का, एका बाईकडे किती मुलं आहेत आणि डायपर जातात कुठं. मुलाला जुलाब होत असतील तर ते न लपवता सांगावं. थांबल्यावरही दोन दिवस घरीच ठेवावं. रजा मिळत नाही, पगार कापला जातो, ही अडचण खरी आहे. म्हणूनच मालकांनी या दोन दिवसांचा विचार करायला हवा. कारण लपवून पाठवलेलं एक मूल आठवड्याभरात पाच आयांची रजा खातं.