थंड पेटीची तापलेली पाठ

कोणत्याही वायूचे संपीडन न करता, केवळ दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह नेऊन शीतलता उत्पन्न होते, हे पूर्वायुष्यात घड्याळजी असलेल्या पेल्टिए नामक फ्रेंच गृहस्थास १८३४ साली आढळले. आणि पुढे चारच वर्षांनी लेन्झने बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून, प्रवाहाची दिशा उलटताच तो पुन्हा वितळवून दाखविला. मोटारीत ठेवावयाची शीतपेटी किंवा प्रवासात औषधे नेण्याची डबी अशा सांध्यांच्या चकतीवरच चालते.

'पेटी थंडच होत नाही' ही या पेट्यांविषयीची नित्याची तक्रार. तीवर आपल्याकडील हौशी कारागीर जी तजवीज करतात, म्हणजे प्रवाह वाढविणे, ती मला मुळातच चुकीची वाटते. प्रवाह दुप्पट केल्यास सांध्यावरील शीतन दुप्पट होते खरे, परंतु चकतीच्या अंतर्गत रोधामुळे उपजणारी उष्णता चौपट होते आणि तिचा जवळजवळ अर्धा हिस्सा थंड बाजूसच परत येतो. सबब एका मर्यादेपलीकडे प्रत्येक वाढीव अँपिअर पेटीला गारवा देण्याऐवजी तापवू लागतो.

खरी मेख मागच्या बाजूस आहे. समजा, पेटीतून २० वॅट उष्णता काढण्यास चकतीला ५० वॅट वीज लागते, तर मागील ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला ७० वॅटांचा निचरा करावा लागतो. तो हीटसिंक वॅटमागे अर्धा अंश तापणारा असेल, तर चकतीची पाठ हवेपेक्षा ३५ अंशांनी तापते. मोठ्या पात्यांचा, चांगल्या पंख्याचा आणि वॅटमागे ०.२ अंशच तापणारा असेल, तर अवघ्या १४ अंशांनी. चकतीला हातही न लावता मिळणारे हे २१ अंश सोडून नव्या पदार्थाची वाट पाहणे मला पटत नाही. १९५४ साली गोल्डस्मिड व डग्लस यांनी ज्याचे गुण दाखविले, त्या बिस्मथ टेल्युराइडच्याच चकत्या आजही बाजारात बहुतांश आहेत. (चकती व हीटसिंक यांच्यामध्ये औष्णिक पेस्टचा जाड लेप थापणारे महाभाग आहेतच, तो पातळ हवा.)

प्रवाहाचा बंदोबस्तही असाच. निम्मा वेळ ६ अँपिअर आणि निम्मा वेळ काहीच नाही, या रीतीने शीतन ३ अँपिअरच्या अखंड प्रवाहाइतकेच मिळते, पण रोधाची उष्णता दुप्पट होते. शिवाय चकती बंद पडली, की तापलेल्या पाठीची उष्णता तिच्यातूनच आत शिरते.

कॉम्प्रेसरच्या फ्रिजशी विजेच्या जमाखर्चात ही पेटी बरोबरी करणार नाही, हे मान्य. म्हणूनच विक्रेत्याने वेष्टनावर 'पाच अंश' असा एकाकी आकडा न छापता, बाहेरच्या हवेपेक्षा पेटी किती अंश खाली जाते तेवढे छापावे, अशी सक्ती असावी असे मी म्हणतो. साधारण पेटी सुमारे २० अंश खाली जाते. नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांत तिच्या आत २५ अंश असतात, आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते.