रिपोर्ट ‘नॉर्मल’, पण मूत्रपिंडाचे काय?

‘‘डॉक्टर, आईचं क्रिएटिनिन 1.2 आहे. नॉर्मलच ना?’’ 75 वर्षांच्या आजींना घेऊन आलेल्या मुलाने कागद पुढे केला. त्यावर ‘नॉर्मल’च छापले होते. आजींच्या पिशवीत मात्र गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या. असे रुग्ण आमच्या सरकारी ओपीडीत नेहमी येतात.

क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात. त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली तरी हा आकडा फारसा वाढत नाही. म्हणून वय आणि लिंग धरून ‘ईजीएफआर’ काढावा लागतो. 25 वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन 1.2 असेल, तर त्याचा ईजीएफआर साधारण 86 येतो. आजींचा 47 येतो. तो 3 महिने 60 च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आहे असे समजतात.

हे ऐकून घाबरू नका. या वयात एवढा ईजीएफआर असलेल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येत नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा. दिवसभरात मीठ एका चमच्याहून, म्हणजे 5 ग्रॅमहून कमी हवे. लोणचे-पापडही त्यातच मोजा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. जुलाब-उलट्या झाल्यास रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यासाठी लगेच डॉक्टरांना विचारा. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सर्वांसाठी नाही. पायांवर सूज किंवा हृदयविकार असेल, तर तो अंगाशी येतो.

गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला, त्याचे स्वागतच आहे. पण डायलिसिस हा शेवटचा टप्पा. त्याआधीच आजार ओळखायचा, तर प्रत्येक प्रयोगशाळेने क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापला पाहिजे. त्याला वेगळे रक्त लागत नाही, फक्त गणित लागते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांच्या लघवीतील अल्ब्युमिनची तपासणीही वर्षातून एकदा व्हायला हवी.

तोपर्यंत आई-वडिलांचा रिपोर्ट हातात आला, की एवढेच विचारा : ‘‘डॉक्टर, यांच्या वयाच्या मानाने मूत्रपिंडे किती काम करतात?’’