'अवर हेल्पर्स' म्हणजे कुणाचे मदतनीस?

सावित्रीमाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'त इंग्रजीचा गौरव केला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडली. बाबासाहेबांचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. तेव्हा इंग्रजीला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. बारामती-इंदापुरातला शेतमजूर बाप पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेत घालतो, ते योग्यच करतो. प्रश्न भाषेचा नाही. भाषेच्या आडून जे शिकवले जाते, त्याचा आहे.

खाजगी प्रकाशकांच्या पुस्तकांत 'अवर हेल्पर्स' हा धडा हमखास भेटतो. धोबी, माळी, चांभार, सफाई कामगार यांची चित्रे आणि खाली एकेक वाक्य. हे म्हणे 'आपले' मदतनीस! या 'आपले'त कोण बसते? पहाटे रस्ता झाडणाऱ्या आईचे लेकरू हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचते, तेव्हा ते कोणत्या बाजूला उभे असते? एका शब्दाने त्याची आई 'आपल्या'तून बाहेर जाते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या माथी मारले गेले, हे मात्र धडा सांगत नाही.

पुढे 'माय हाऊस'. बंगला, बाग, दारात मोटार. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस तोडायला आलेल्या मजुराची कोपी 'हाऊस' नसते काय? सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहणारी मुले पावसाला हाकलून लावणारे विलायती गाणे टाळ्या वाजवत म्हणतात. गोऱ्या गालांच्या, निळ्या डोळ्यांच्या मुलाला बाईंचे लाडके ठरवणारे गाणे काळीसावळी मुले पाठ करतात.

काहीजण म्हणतील, बालगीतात कसली आली जात? २०२० साली पश्चिम बंगालमधील बर्दवानच्या शाळेत 'यू' म्हणजे 'अग्ली' शिकवताना पुस्तकात काळ्या मुलाचे चित्र निघाले. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. २०१७ साली आपल्याच राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्रात मुलीची कुरूपता हे हुंड्याचे कारण म्हणून छापलेले आढळले. ओरड झाली म्हणून हे उघडकीस आले. जिथे ओरड नाही, तिथे काय चालले असेल?

बदल अशक्य नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडताना दाखवले. चित्र बदलता येते, ते बदलण्याची इच्छा हवी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ सांगते की प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत हवा, मूल भयमुक्त हवे. याच कायद्याच्या २५ टक्के जागांतून आपली मुले खाजगी शाळांत पोहोचली. त्या जागांना कात्री लावणारा सरकारी बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. पण प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली नाही. दार उघडले, आत पुस्तक तेच!

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे. मुलाचे पुस्तक स्वतः चाळा. इंग्रजी येत नसेल तर चित्रे पाहा, विहारात शिकलेल्या पोरांकडून वाचून घ्या. खटकले ते पान क्रमांकासह लेखी तक्रारीत लिहा आणि मुख्याध्यापकांना व गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. अनुदानित व सरकारी शाळांत व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. तिथे आवाज उठवा.

इंग्रजी आपल्या लेकरांना हवीच आहे. पण ती स्वतःच्या आईची लाज बाळगायला शिकवणारी नको!